तव्यावरची पहिली पोळी

पत्र

मी ६१ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. सगळी नोकरी सांगली जिल्ह्यात झाली. नातू झाल्यावर आम्ही दोघं पुण्याला मुलाकडे राहायला आलो. मुलगा आणि सून नोकरी करतात. नातू साडेतीन वर्षांचा आहे, सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत माझ्याकडे असतो. घरखर्चाच्या एका जुन्या वहीच्या शेवटच्या पानांवर मी 'मला काय काय करायचंय' हे वर्षानुवर्षं लिहीत आले. गेल्या महिन्यात कपाट आवरताना ती वही सुनेच्या हाती लागली. रात्री जेवताना तिने ती कौतुकाने मोठ्याने वाचली. सगळे हसले. 'या वयात पोहणार?' असं हे म्हणाले. मीही हसले, पण रात्रभर डोळा लागला नाही. यादी सोबत पाठवते आहे. वेळ निघून गेली आहे का? की या वयात असलं काही मनात धरणं हा स्वार्थीपणा आहे? वही रद्दीत टाकावी असं वाटतंय.

एक आजी, पुणे

उत्तर

बाई (शाळेत सगळे तुम्हाला हेच म्हणत असतील, म्हणून मीही म्हणते), वही रद्दीत टाकू नका. वेळ गेलेली नाही. एका ओळीपुरती गेली आहे, तिच्याबद्दल पुढे लिहिते.

यादीतल्या सतरा ओळी वाचताना मी आधी खर्चाचा अंदाज घेतला. युरोपची सहल आणि सोन्याच्या पाटल्या बाजूला काढल्या, तर उरलेल्या पंधरा गोष्टी एका बऱ्यापैकी मोबाइलच्या किमतीत बसतील. दुपारी फोन बंद करून तासभर झोपणं. दिवाळी अंक दिवाळीतच वाचून संपवणं. सासऱ्यांची माळ्यावर पडलेली पेटी उतरवून तिचा भाता दुरुस्त करून घेणं. तुमचं निवृत्तिवेतन तुमच्याच खात्यात जमा होतं, म्हणजे पैशापायी यातलं काही अडलेलं नाही. अडलंय ते तासा-दोन तासांपायी, आणि ते तास मागायला तुमची जीभ रेटत नाही.

नववी ओळ माझ्या मनातून जात नाही. तुम्ही लिहिलंय, 'तव्यावरची पहिली पोळी कुणीतरी वाढावी आणि मी बसून गरम गरम खावी.'

घराघरांत हे चित्र आहे. पहिली पोळी नैवेद्याला नाहीतर लहान मुलाला. मग पुरुषमाणसं. मग 'आई, अजून एक गरम दे ना.' शेवटच्या दोन, एक कडेने वाळलेली आणि एक डब्याच्या तळाशी वाफेने ओली झालेली, त्या करणारणीच्या. त्याही तिने कढईला चिकटलेली भाजी पुसून घेत ओट्याशी उभ्यानेच खायच्या, कारण बसलं की कुणीतरी पाणी मागतं. फुगलेली पोळी तव्यावरून उतरली, वर तुपाची धार सोडली आणि वाफ जायच्या आत कुणाच्या तरी ताटात पडली, हे तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांसाठी केलंत. एक शिकलेली, पगार मिळवलेली बाई हीच गोष्ट इच्छा म्हणून वहीत लिहून ठेवते. यात हसण्यासारखं मला काही सापडलं नाही.

बाकीच्या बऱ्याचशा गोष्टी तुम्ही एकटीने करू शकाल. या एका गोष्टीसाठी तव्यापाशी दुसऱ्या माणसाला उभं राहावं लागतं. म्हणून सुरुवात इथूनच करा. येत्या रविवारी मुलाला सांगा की पोळ्या तू करायच्या. कणीक सैल होईल, पोळ्यांचे नकाशे होतील, एखादी करपेल. तुम्ही स्वयंपाकघरात जाऊन 'दे इकडे, मी करते' म्हणायचं नाही. ताट मांडून बसायचं. पहिली पोळी आली की इतरांची वाट न पाहता खायला लागायचं. हे सगळ्यात सोपं दिसतं आणि तुम्हाला हेच सगळ्यात जड जाईल, कारण उठून मदतीला धावायची पायांना सवय आहे.

आपल्याकडे बाईला 'तुला काय हवंसं वाटतंय' असं रीतसर विचारायची एक वेळ ठरलेली आहे, ती डोहाळ्यांची. झोपाळा सजतो, हिरवी साडी येते, कुणी चिंचा-बोरं आणून देतं, कुणी चांदण्यात जेवण घालतं. दुसरी वेळ येते ती एकदम दहाव्या दिवशी. पिंड ठेवतात, कावळा शिवत नाही, मग घरातले एकेक जण पुढे होऊन हात जोडतात. 'धाकट्याचं लग्न नीट करू.' 'अण्णांना अंतर देणार नाही.' 'गावचं घर विकणार नाही.' मी घाटावर हे ऐकलंय. गेलेल्या बाईला उद्देशून जे जे बोललं जातं ते सगळं दुसऱ्यांबद्दल असतं, कारण तिला स्वतःला काय हवं होतं हे तिथे उभ्या असलेल्या कुणालाच ठाऊक नसतं. शेवटी दर्भाचा कावळा करून वेळ निभावतात. या दोन वेळांच्या मधल्या एवढ्या वर्षांत आपल्याला कुणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. तुम्ही मात्र लिहून ठेवलंत. ज्या तऱ्हेने ते चारचौघांत आलं ते लागलं, मला कळतं. पण आता घरातल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि याचा उपयोग करून घ्यायला हवा.

सुनेवर राग धरू नका. तिने वही गुपचूप वाचून परत ठेवली नाही, सगळ्यांसमोर कौतुकाने वाचली. 'आईंना असंही काही वाटतं' याचंच तिला नवल वाटलं असणार. तिच्याशी एकटीशी बोला. 'वाचलीस त्याचं काही नाही, पण हसलात ते मला लागलं,' एवढंच सांगा, शांतपणे. फार ताणू नका. माझा अंदाज असा की पोहण्याच्या तलावाचा फॉर्म तुम्हाला तीच शोधून देईल.

मात्र तुमचे तास तिच्याकडून काढू नका. तीही सकाळी नऊला बाहेर पडते आणि सातला दमून येते. नातवाच्या वेळात वाटेकरी व्हायला घरात आणखी दोन माणसं आहेत, मुलगा आणि तुमचे यजमान. तुम्ही दिवसाचे दहा तास एका लहान मुलामागे असता. शाळेतही तुम्ही एवढे तास उभ्या नव्हता. मंगळवार आणि शुक्रवार, साडेनऊ ते साडेबारा, नातू आजोबांकडे. 'त्यांना नाही हो जमायचं' हे वाक्य तुमच्या ओठांवर आलं असेल. पहिले पंधरा दिवस वरणभात निम्मा अंगावर सांडेल, शर्टाची बटणं वरखाली लागतील, कार्टून जरा जास्त बघितलं जाईल. जमेल. तुम्ही फक्त त्या तीन तासांत फोन करून 'जेवला का?' असं विचारायचं नाही.

आणि सांगताना 'मी जाऊ का?' असं म्हणू नका. त्यावर नाही म्हणणं फार सोपं असतं. 'मंगळवारी सकाळी मी घरी नाही, तुम्ही आहात ना?' असं म्हणा.

त्यांच्या 'या वयात' या शब्दांत चेष्टेइतकीच भीतीही असू शकते. ओल्या फरशीवर पाय घसरला तर, पाण्यात काही झालं तर. एकदा सरळ विचारा त्यांना. आणि त्याच वहीचं एक कोरं पान त्यांच्यापुढे ठेवा. त्यांनाही इतक्या वर्षांत कुणी विचारलेलं नसेल.

स्वार्थाचं म्हणाल, तर दुसऱ्याच्या ताटातलं ओढून घेणं हा स्वार्थ. आठवड्यातले सहा तास हे कुणाच्या ताटातले नाहीत. ते तुमचेच आहेत आणि आजवर तुम्ही ते वाटत आलात.

आता यादी. युरोपची ओळ वेगळ्या शाईत आहे आणि पुढे कंसात 'वन्सं जाऊन आल्या' असं लिहिलंय. ती तुमची वाटत नाही, सोडून द्या. 'दहा किलो वजन कमी' ही डॉक्टरांची सूचना आहे, ती औषधांच्या फाइलला लावा, या वहीत नको. पाटल्या तुम्हीच खोडल्या आहेत.

पोहण्याच्या ओळीपुढे तुम्ही लिहिलंय की भाऊ पाठीला पत्र्याचा डबा बांधून गावच्या विहिरीत शिकले आणि तुम्ही काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचात. म्हणून मला ही इच्छा या सगळ्यांत जुनी वाटते. ६१ व्या वर्षी पोहायला नक्की शिकता येतं. आधी डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर, हृदय आणि कान तपासून घ्या. गुडघ्यांची काळजी नको, पाण्यात अंगाचं वजन पाणी पेलतं, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांना पाण्यातला व्यायाम मुद्दाम सांगतात. बायकांची वेगळी बॅच आणि बाई प्रशिक्षक असलेला तलाव शोधा. शुल्क भरण्याआधी एकदा जाऊन नुसतं पाहून या. उथळ बाजूला पाणी छातीपर्यंतच आहे ना, पायऱ्यांना कठडा आहे ना, कपडे बदलायच्या खोलीत फरशी फार निसरडी नाही ना, जीवरक्षक बॅचच्या वेळी काठावर असतो ना. पोशाखाचा संकोच असेल तर पूर्ण बाह्यांचे, पायघोळ पोहण्याचे पोशाख दुकानात मिळतात. सुती सलवार-कमीज घालून उतरू नका. सुती कापड पाणी पिऊन जड होतं आणि बहुतेक तलावांवर चालतही नाही.

पहिले काही दिवस तुम्ही पोहणार नाही. दांडीला धरून तोंड पाण्यात घालायचं आणि श्वास पाण्यात सोडायचा, बुडबुडे येतील असा. मोठ्या वयात शिकणाऱ्यांचं बहुतेकदा इथेच अडतं. हातापायांना ताकद असते, पण तोंड पाण्यात गेलं की श्वास कोंडून धरला जातो, मान ताठ होते आणि पाय खाली बसतात. श्वास सोडायला जमलं की अंग आपोआप सैल होतं. मग फळी धरून पाय मारायचे, मग पाठीवर तरंगायचं. शेजारची पंचविशीतली मुलगी आठवड्यात पोहायला लागेल, तुम्हाला दोन-तीन महिने लागतील. बऱ्याच तलावांची लांबी २५ मीटर असते. न थांबता एक लांबी, एवढंच लक्ष्य धरा. त्यानंतर भूक कडकडून लागते, डब्यात काहीतरी खाण्याचं न्या.

काही इच्छांना ऋतू असतो, त्या ठरवून कराव्या लागतात. कास पठारावरच्या रानफुलांचा बहर साधारण ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. साताऱ्याहून पठार २५ किलोमीटरच्या आसपास आहे. शनिवार-रविवार टाळा, माणसांचीच गर्दी बघून परत याल. हंगामात प्रवेशाची नोंदणी आधी ऑनलाइन करावी लागते, हे काम मुलाला सांगा. तेरड्याचा गुलाबी गालिचा लांबूनच दिसतो, पण निळीजांभळी सीतेची आसवं आणि पांढरे गेंद बघायला खाली वाकावं लागतं. छोटं भिंग असेल तर बरोबर घ्या. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा साताऱ्यापर्यंत खासगी गाडीच्या नादी लागू नका.

कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायची तर रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जा, फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचं काम सुरू केलं आणि गावाने ते आपलं मानलं. किनाऱ्यावरची अंडी कुंपण घातलेल्या जागेत वाळूत पुन्हा पुरतात, सुमारे पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात. त्या जागेवर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघतात. कधी खाली वीस पिल्लं असतात, कधी एकही नसतं. त्यामुळे एका दिवसात जाऊन येण्याचा बेत करू नका. गावात घरगुती राहण्या-जेवण्याची सोय होते, दोन रात्री राहा. तळहाताहूनही लहान असलेलं ते पिल्लू वाळूतल्या पाऊलखुणेच्या खड्ड्यात अडकतं, धडपडत वर येतं, लाट त्याला मागे टाकते, ते परत निघतं. ते बघत असताना फोटो काढू नका, असा माझा आग्रह आहे.

कोकण रेल्वेने दिवसाउजेडी मडगाव, तेही एकटीने. यासाठी मांडवी एक्स्प्रेस. सकाळी मुंबईहून सुटते आणि संध्याकाळी मडगावला पोचते, तुम्ही पनवेलला बसा. वातानुकूलित डब्याची काच मळकी असली तर निम्मी मजा जाते. साध्या स्लीपरच्या डब्यात बाजूचा खालचा बर्थ मागा, खिडकी उघडी राहते आणि वारा लागतो. आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होतं. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो आणि रत्नागिरी सोडल्यावर पानवळचा पूल, ६४ मीटर उंच. हे ठाऊक असलेलं बरं, नाहीतर नेमकं तेव्हाच आपण डबा सोडून बसतो. मडगावला उतरून काय करायचं हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि ते मला आवडलं. राहण्याची खोली मात्र आधी ठरवून ठेवा.

वारीचा पुणे ते सासवड टप्पा ज्ञानोबांच्या पालखीच्या वाटेवरचा सगळ्यात मोठा, तीस किलोमीटरहून अधिक, आणि त्यात दिवे घाटाची चढण. या वर्षी फक्त हडपसरपर्यंत चाला. तिथे ज्ञानोबा आणि तुकोबा या दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात. पाय काय म्हणतात ते बघा आणि घाट पुढच्या वर्षी. पेटी मात्र उद्याच माळ्यावरून उतरवा. झुरळं आणि उंदीर भात्याचं कातडं खातात, ती जितकी पडून राहील तितकी खराब होईल. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीताच्या प्रारंभिक परीक्षेला वयाची वरची अट नाही, तेव्हा परीक्षेची हौसही भागेल. शिक्षिकांना परीक्षा द्यायला आवडत नाही असं म्हणतात, तुमच्या यादीत ती लिहिलेली पाहून मला आनंद झाला.

आता ती चौथी ओळ. 'आईला गाणगापूरला नेणे.' पुढे बारीक अक्षरात 'राहिलं.'

आई औदुंबरला नेमाने जात होत्या, नरसोबाची वाडीही कितीदा झाली. गाणगापूर पडलं कर्नाटकात, पार कलबुर्गी जिल्ह्यात, आणि दर सुट्टीत काहीतरी निघालं. जनगणना, निवडणुकीची ड्यूटी, भाच्यांची लग्नं. तुम्ही हे सगळं लिहिलंत, आणि लिहून झाल्यावर 'ही कारणं झाली' असंही लिहिलंत. आईच्या नावाने तुम्ही आता जाऊन आलात की ती ओळ पुरी होईल, अशी समजूत मी घालणार नाही. ती पुरी होणार नाही. खोडू नका, बरोबरची खूणही करू नका, तशीच असू द्या. तुम्हाला स्वतःला दर्शनाची ओढ असेल तर जरूर जा, पण तुमच्यासाठी जा, प्रायश्चित्त म्हणून नको.

त्या ओळीमुळे बाकीच्या यादीचा क्रम मात्र बदलतो. तलाव कुठे जात नाही, कास दर वर्षी फुलतं, मांडवी रोज सुटते. ज्या ओळीत दुसरं जितंजागतं माणूस आहे, ती आधी. तशी आता तुमच्या यादीत एकच आहे, चौदावी. डी.एड.च्या वसतिगृहातली मैत्रीण, कराडची. 'तिच्याकडे आठ दिवस राहायचं, प्रीतिसंगमावर संध्याकाळी बसायचं.' तुम्ही दोघी लग्नकार्यात भेटता, दहा मिनिटं बोलता आणि 'ये गं एकदा' म्हणून निघता. तिच्या यजमानांना जाऊन दोन वर्षं झाली आणि तुम्ही फोनवरच भेटलात, हे तुम्ही यादीच्या कडेला लिहिलंय.

तिला आज फोन करा, दुपारी नातू झोपला की. वहीचं सांगा, आईचं सांगा, तिचं ऐका. तारीख ठरल्याशिवाय फोन ठेवू नका. आठ दिवस जमणार नसतील तर तीन दिवस. स्वारगेटहून कराडला दिवसभर गाड्या असतात. नातवाला बरोबर नेऊ नका.